कमरेचा पट्टा

जरा वारं सुटलं की जालन्यातली बिजली जायची, म्हणून जुने लाकडी खांब काढून लोखंडी बसवणं चाललं होतं. महिनाभर त्यातच राबून त्रिंबक पार थकला होता. भर दुपारी सवयीनं शिडी लावून तो वर चढला, कमरेचा पट्टा खांबाला आवळला आणि घडीभर डोळे मिटले.

खालून भाकरी घेऊन आलेल्या बायकोचा, कडूबाईचा आवाज आला. "अव, हलू नका."

"कामून?"

"शिडी कशाला लावली तुमी?"

"खांबाला. मंग कशाला लावू?"

त्रिंबकनं डोळे उघडले. समोर खांब नव्हता, नुसतं ऊन होतं. काल त्यानंच उपटलेला इथला खांब रस्त्यावर बैलगाडीत आडवा पडला होता.

तेवढ्यात गाडीवानानं बैल हाकले, आणि कमरेचा पट्टा हळूहळू ताणला गेला.