सगळ्यात मागे

"वाघ झु... झुड..."

वाघ सोमवारपासून त्या झुडपात होता. आज गुरुवार. पहिल्या बाकावरच्या पोराने अक्षरावर बोट दाबून धरलं होतं. बोट उचललं तर अक्षर पळून जाईल, असं.

बाकी पोरं गप्प. दुसरीतली पोरं, आणि गप्प! कुणी पेन्सिल चावत होतं, कुणी बाकाखाली पायाने चप्पल शोधत होतं, पण शब्द कुणी सांगत नव्हतं. इंजिन थांबलं की सगळ्यांनी थांबायचं. त्या पोराला सगळे इंजिनच म्हणायचे, आणि त्याची मान ताठ व्हायची.

"थांब हां दादा, येतंय."

"येऊ दे. मी आहे इथे," मागून मास्तर म्हणाला.

तो शेवटच्या बाकामागे स्टुलावर बसला होता, भिंतीला पाठ टेकून. गेल्या वर्षीपर्यंत तो डोंगरात पोरांची शिबिरं घ्यायचा. तिथे पोरं त्याला दादा म्हणायची, इथलीही म्हणू लागली. गुडघा कामातून गेला, म्हणून इथे आला. डोंगरात सगळ्यात हळू चालणारा पुढे, आणि दादा सगळ्यात मागे. म्हणजे कुणी सुटत नाही. त्याला तेवढंच येत होतं. तेच त्याने वर्गात लावलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"सर, फळा पुढे असतो."

पोरं खिदळली. मास्तर गुडघ्यावर हात दाबून उठला आणि दाराशी गेला.

"शेजारचा वर्ग नवव्या धड्यावर आहे. तुमचा वाघ काही बाहेर येईना."

"येतोय, बाई. कालच्यापेक्षा अर्धा शब्द पुढे आलाय."

"अर्धा शब्द!" बाई हसल्या नाहीत. दमलेल्या दिसत होत्या. "अहो, आज मधल्या सुट्टीनंतर साहेब येतायत तपासणीला. ते पहिल्या बाकावरच्यालाच उठवतात, नेहमी. तुम्हाला कायम करायचं की नाही, तेही तेच ठरवणार. त्याला मागे बसवा."

"बाई, डोंगरात जो हळू चालतो..."

"डोंगरात उशीर झाला तर अंधार पडतो. इथे उशीर झाला तर वर्ष जातं. सगळ्या पोरांचं. आणि हे दादा-बिदा बंद करा. बरं दिसत नाही."

मास्तरने तोंड उघडलं. सकाळी शर्टाचं शेवटचं बटण लावून देताना बायको म्हणाली होती, "आज तेवढा डोंगर घरी ठेवून जा." त्याने तोंड मिटलं.

बाई स्वतःच आत आल्या. शेवटच्या बाकामागचं स्टूल उचललं, फळ्याजवळ आणून ठेवलं आणि गेल्या.

मास्तरने इंजिनचं दप्तर उचललं.

"चल."

"कुठे?"

"मागे."

"पण पुढे तर मी असतो ना, दादा?"

"सर म्हणायचं!"

वर्ग दचकला. मास्तरही. आपला आवाज एवढा चढतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

इंजिन उठलं. रांगेतून मागे जाताना पोरांनी पाय आवरून घेतले. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. पोरं एवढ्यात शिकलीसुद्धा.

जिला सगळे वकिलीण म्हणायचे, ती पोरगी पहिल्या बाकावर येऊन बसली. तिची जीभ कात्रीसारखी चालायची. "वाघ झुडपात लपला होता. वाघाने उडी मारली. हरीण पळालं. वाघ उपाशी राहिला." एका दमात. पान संपलं, धडा संपला. वाघ आला कधी, गेला कधी, कुणाला कळलंच नाही. कुणी घाबरलंसुद्धा नाही.

"छान," मास्तर म्हणाला.

तो फळ्याजवळ उभा होता. हातात खडू होता आणि लिहायचं काय ते आठवत नव्हतं. "पुढचं पान काढा." सगळ्यांनी पान उलटलं, एकदम, सर्रकन.

एक पोरगं सोडून.

"सर," शेवटच्या बाकावरून इंजिन म्हणालं. पहिल्यांदाच सर म्हणालं, आणि अगदी नीट म्हणालं. "मग आता माझ्या मागे कोण?"

मास्तर फळ्याकडे वळला आणि तारीख लिहू लागला. तारीख सकाळीच लिहून झाली होती.

इंजिनने थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःच मागे वळून बघितलं. भिंत होती. चुन्यावर एका पाठीचा मळकट डाग पडला होता. त्याने त्या डागावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.