गुहेची फेरी

ऑफिसच्या सहलीतले नऊ जण होडीत चढले आणि नावाड्याची नजर शेवटच्यावर थबकली. तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, सहा वर्षांनी दिसत होता. भावाने मान फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, तुझं हे खटारं बुडणार नाही ना?" सगळे हसले.

नावाड्याने इंजिन सुरू केलं. समुद्रातली गुहा दाखवली, कड्यावरची पक्ष्यांची घरटी दाखवली. भाऊ "अरे, नीट चालव", "अरे, पाणी उडवू नकोस" असं गुरकावत राहिला. लाट आली की मात्र एकटा तोच बरोबर लाटेच्या बाजूला झुकत होता.

परतताना भावाच्या शेजारच्या बाईंनी नावाड्याला सहज विचारलं, "दादा, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई आहे. एक धाकटा भाऊ आहे."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो डोळ्यांनीच गयावया करू लागला.

"काय करतो भाऊ?"

नावाड्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पाण्यात पचकन थुंकला.

"जाऊ द्या हो, ताई. चारचौघांत ओळख सांगावी असा नाही तो."