शेजारची खुर्ची

थर्मामीटर दादाच्या कपाळासमोर पुन्हा वाजलं.

"अहो, उन्हात उभा होतो म्हणून," दादा म्हणाला. "हेल्मेटही आत्ताच काढलंय."

"असेल. सावलीत बसा, डोकं निवू द्या, मग परत बघू," बालन्यायालयाच्या फाटकावरची नर्स म्हणाली. "पण मुलीचा नंबर लागलाय, तो काही थांबणार नाही. दुसरं कोणी मोठं माणूस आहे का घरचं?"

निरीक्षणगृहाच्या गाडीतून उतरलेली त्याची धाकटी बहीण फाटकाच्या आत उभी राहून हे ऐकत होती. दादा मागे वळला तेव्हाच तिला कळलं, आता कोण येणार ते.

वहिनी पुढे आली. तिने कपाळ दाखवलं, हात पुढे करून सॅनिटायझर घेतलं, बोटांच्या बेचक्यांतही चोळलं, मास्कची पट्टी नाकावर दाबून बसवली. कोणी काही सांगण्याआधीच.

"वा," पहारेकरी म्हणाला. "सकाळपासून ओरडून माझा घसा बसला. एक तरी शहाणं माणूस भेटलं."

मुलीने तोंड फिरवलं. हे शहाणपण ती घरी रोज बघत होती.

आईवडील गेल्यापासून तिला दादानेच वाढवलं होतं. त्याचं लग्न झालं आणि पाठोपाठ साथ आली. वहिनी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. संध्याकाळी आली की कोणाशी न बोलता थेट बाथरूममध्ये. तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. झोपायची बाहेरच्या खोलीत, दार लावून. मुलगी स्वयंपाकघरात आली की हातातलं काम टाकून ती निघून जायची. "तिला स्वच्छतेचं वेड आहे गं," दादा म्हणायचा. "तू मनावर घेऊ नकोस."

मुलीने मनावर घेतलं. एका दुपारी तिने वहिनीची स्कूटर काढली आणि कुठे जायचं ते न ठरवताच निघाली. वळणावर भाजीच्या गाडीवर आदळली. भाजीवाल्याचं मनगट मोडलं. ते आता जुळलं होतं, त्याची तक्रारही उरली नव्हती. प्रश्न मुलीने राहायचं कुठे, एवढाच होता. समुपदेशक बाईंना तिने स्पष्ट सांगितलं होतं, "त्या घरात मी जाणार नाही. तिला माझी किळस येते." आज न्यायाधीश ठरवणार होत्या, घर की निरीक्षणगृह. पुढची तारीख कधी मिळेल हे साथीमुळे कोणीच सांगू शकत नव्हतं.

खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. न्यायाधीश बाईंसमोर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा होता, वाऱ्याने तो फडफडत होता. फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या.

"एकाच घरातले असाल तर शेजारी बसायचं," शिपाई म्हणाला. "नसाल तर पट्टीपलीकडे."

मुलगी बसली. वहिनीने तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पट्टी ओलांडून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"बघा मॅडम," मुलगी पुटपुटली. "मी समुपदेशक बाईंना सांगितलं होतं ना."

"मोठ्याने बोल, बाळा. या पडद्यामागे मला काही ऐकू येत नाही."

मग तिला ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं. "घरीही ही अशीच लांब बसते."

न्यायाधीश वहिनीकडे वळल्या. "तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना? मग तिकडे का बसलात?"

वहिनीने दाराकडे पाहिलं. दादा आला नव्हता.

"सवय झालीय, मॅडम," ती म्हणाली. "साथ आली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना तपासणी केंद्रावर पाठवलं. दिवसभर मी आजारी माणसांच्या नाकाघशातले नमुने घेते. आणि हिला दमा आहे."

मुलगी खुर्चीतच तिच्याकडे वळली.

"मला कोणी सांगितलं नाही," मुलगी म्हणाली.

"तुझा दादा नको म्हणाला. तू घाबरलीस की तुला धाप लागते म्हणे. मी ऐकायला नको होतं त्याचं."

"आणि ते स्वच्छतेचं वेड?"

"कसलं वेड? माहेरी माझ्या पसाऱ्यापायी आई रोज डोकं धरून बसायची."

शिपाई हसला आणि मग खोकल्यासारखं करायला गेला. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिल्यावर घाईने थांबला.

मुलगी वहिनीकडे बघत होती. मास्कच्या दोऱ्यांनी तिच्या कानांमागची कातडी सोलवटली होती. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. घरी इतक्या जवळून तिने तिला कधी पाहिलंच नव्हतं, आणि आत्ताही मध्ये सहा फूट होते.

"अजून जातेस तिथे?"

"रजा टाकलीय. तू घरी आलीस तर मीही घरी असावं म्हणून. मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीवर एकटी राहिले आधी, आणि काल स्वतःचीच तपासणी करून घेतली. मला काही झालेलं नाही."

न्यायाधीश बाईंनी पेनचं टोपण काढलं. "मला लिहायचंय," त्या मुलीला म्हणाल्या. "सांग, काय लिहू?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"मग एवढ्या लांब काय बसलीयस, वहिनी," ती म्हणाली. "इकडे ये."