पिवळ्या हेल्मेटवाला

“माय, येतो,” धनाजी दारातनं म्हणाला. “ये बाबा,” गजराबाई म्हणाली.

म्हणाली खरी, पण डोळे टीव्हीवर होते. टीव्हीत पिवळ्या हेल्मेटचा पोरगा बर्फाच्या उंच उतारावर, आडव्या दांडीवर बसला होता, दिवा हिरवा व्हायची वाट बघत. ‘ये’ हा शब्द त्या पोराला गेला. धनाजीची मोटारसायकल रस्त्याला लागल्यावर गजराबाईला ते उमगलं.

त्या घराची रीतच तशी. सासर-माहेर दोन्हीकडं मेंढरामागं फिरणारी माणसं. गडी कळप घेऊन निघाला की पालावरच्या म्हातारीनं त्याच्या तोंडाकडं बघून ‘ये’ म्हणायचं. मग तो सुखरूप माघारी येतो. ज्याच्याकडं बघून म्हटलं, त्यालाच ते लागू पडतं. आणि ‘जा’ तर वैऱ्यालासुद्धा म्हणायचं नाही. पुढं मेंढरं गेली, धनाजी तामलवाडीच्या माळावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला लागला, रीत तेवढी राहिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण धनाजीनं क्रिकेटपायी खेळाचे चॅनल घेतले आणि थंडीच्या तोंडाला गजराबाईला ते स्की जंपिंग दिसलं. पायाला लांबच लांब फळ्या बांधून माणसं घसरगुंडीवरनं सुटतात आणि सरळ हवेत जातात. “अगं बया, ह्यांच्या घरी कुणी हाय का न्हाय?” म्हणत तिनं पहिल्याला ‘ये’ म्हटलं. मग दुसऱ्याला सोडायचं कसं? आज ह्या देशात, पुढच्या आठवड्यात त्या देशात, अख्खा हंगाम म्हातारी परक्यांच्या लेकरांना एकाएकाला माघारी बोलवत बसली. सून करिश्मा हसायची. एकदा तिनं मुद्दाम चहाचा कप आडवा धरला, सासूची नजर हटली, आणि नेमका त्या वेळचा गडी हवेतनं चिंधीसारखा खाली आला. त्या दिवसापासून तो खेळ लागला की करिश्मा चुलीपासनं हलेना.

पिवळ्या हेल्मेटवाला म्हातारीचा लाडका. सुरुवातीला पार शेवटच्या नंबरात असायचा बिचारा. आज हंगामाची शेवटची उडी. दिवा हिरवा झाला, पोरगा सुटला आणि असा लांब गेला, असा लांब गेला, की टीव्हीत बडबडणारा माणूससुद्धा गप झाला. मग अलगद उतरला. सगळा हंगाम त्यानंच मारला. गजराबाईला त्यात काडीचा आनंद झाला नाही.

“करिश्मा, धनाला फोन लाव. म्हणाव, मागं फिर. काय पण सांग.”

“आत्याबाई, गाडीवर असताना उचलत नाहीत, आणि चक्कीवर चढले की फोन गाडीतच ठेवतात ते.” तरी करिश्मानं लावला. वाजून वाजून बंद झाला. तासाभरात चारदा लावला, तेच.

गजराबाई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. अंगणात ऊन नुसतं रणरणत होतं. लिंबाचं एक पान हलत नव्हतं. आणि तिकडं माळावर सगळ्या चक्क्या पिसाटासारख्या फिरत होत्या. एकच थांबलेली होती, दुरुस्तीसाठी थांबवलेली, आणि तिच्या पात्यापाशी एक काळा ठिपका हेलकावे खात होता. म्हातारीला आता नीट दिसत नाही, पण तो ठिपका तिला दिसला.

फोन वाजला. धनाजीच्या जोडीला काम करणारा शिवशंकर होता. “वहिनी, घाबरू नका. वारं एकदम उठलंय. धनाजी दोरावर अडकलाय. वर घेता यीना, खाली सोडता यीना. माणसं बोलवलीत.”

करिश्मानं ते तसंच्या तसं सासूला सांगितलं.

गजराबाई माळाकडं पाठ करून आत आली. टीव्हीत बक्षीस देणं चाललं होतं. पोरगा सगळ्यात वरच्या पायरीवर उभा, हातात बक्षिसाचा चकचकीत काचेचा गोळा, तोंडभर हसू. खाली गर्दीत लोकरीची टोपी घातलेली एक बाई पदर नसल्यामुळं हातमोज्यानंच डोळे पुसत होती. त्याची आईच असणार. आईला आई कळते, त्याला काय भाषा लागते होय?

गजराबाईला तिच्याकडं बघवेना. तिनं पोराच्या तोंडाकडं बघितलं. काचेला हात लावला. ऐन उन्हाळ्यात काच गार लागली.

“माझ्या लेकाचं ‘ये’ हुतं रं ते,” ती म्हणाली. “माफ कर मला.” आणि मग अगदी हळू म्हणाली, “जा.”

करिश्मानं ऐकलं. ती काही बोलायच्या आत हातातला फोन पुन्हा वाजला. ह्या खेपेला धनाजीच होता, धापा टाकत. वारं पडलं होतं. कुणी दार लावून घ्यावं तसं एकाएकी पडलं, म्हणाला. अडकलेला दोर मोकळा झाला, खाली उतरलो, हाताला जरा खरचटलंय, बाकी काही नाही. करिश्मा रडत होती, हसत होती, देवीला साडी बोलत होती. तिनं फोन सासूच्या कानाला लावला. गजराबाईनं नुसतं “व्हय” म्हटलं.

तिचे डोळे टीव्हीवरच होते. तिकडं लोक पांगले होते, झेंडे गुंडाळणं चाललं होतं. पायरीवरचा पोरगा हसायचा थांबला. त्यानं वळून उताराकडं बघितलं. खाली उतरून तो गोळा आईच्या हातात दिला, ती काहीतरी विचारत असतानाच फळ्या खांद्यावर घेतल्या, आणि बर्फातनं चालू लागला.

करिश्मानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच टीव्हीकडं नीट बघितलं.

“आत्याबाई, खेळ तर संपला ना? मग ह्यो एकटाच वर कशाला निघालाय?”