हंसांची खांदेपालट

ही गोष्ट २०६४ सालची. नाथसागराकाठी यंत्रात उबवलेले एकवीस राजहंस पहिल्यांदाच हिमालय ओलांडत होते. वाट दाखवायला आईबाप नव्हते, म्हणून सिंधूताईंनी बनवलेला यांत्रिक हंस पुढे उडत होता. पैठणला सिंधूताईंसमोरच्या पडद्यावर त्यांची रांग दिसत होती. ऐन शिखरांवर यंत्राची बॅटरी संपत आली. ते कोसळलं असतं, तर पक्षी वाट चुकून बर्फात मेले असते.

"सारखं त्यालाच पुढं ठेवलंत?" पिल्लांना भरवून वाढवलेल्या रंगनाथ भोयांनी विचारलं.

"म्होरक्या आहे तो, भाऊ. मागे कसा जाईल?"

"ताई, आमच्या पणज्यानं मेणे वाहिले. पुढचा दमला की खांदा बदलायचा. नाहीतर नवरीसकट मेणा खड्ड्यात!"

सिंधूताईंनी यंत्राला मागे घेतलं, फक्त दिशेची हाक चालू ठेवली. रांग विस्कटली. मग एक मादी आपणहून पुढे झाली. तिच्या पंखाच्या टोकामागून वर उसळणाऱ्या हवेवर यंत्र अलगद तरंगलं आणि बॅटरीचा खर्च निम्म्यावर आला. ती दमताच दुसरा पुढे गेला, मग तिसरा. हे त्यांना कोणीही शिकवलं नव्हतं. सिंधूताईंचे हात नकळत जोडले गेले.

एकवीसही हंस पलीकडे उतरले. यंत्र तिथल्याच सरोवराकाठी बंद पडलं. हिवाळ्यात हंस त्याच वाटेने आपणहून परतले. ते पाहिल्यावर काही दिवसांतच रंगनाथभाऊ वारले. सिंधूताई नव्वदीपर्यंत जगल्या. त्यांच्या शेवटच्या फाल्गुनात दीडशे हंस यंत्रावाचून उत्तरेला निघाले, तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.