अप्पांचा तळहात

इचलकरंजीच्या यंत्रमागांनी अप्पांचे कान कायमचे नेले, पण तळहात शाबूत ठेवले. चालत्या मागावर नुसता हात टेकवून ते अजूनही बिघाड सांगत. म्हणूनच त्यांच्या लेकीने, प्रणालीने, बेस गिटार धरली होती. तिचे खर्जातले सूर हाताला कळतात.

जुन्या वाद्यांच्या दुकानात तिने गिटार आधी मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि एकच तार छेडली. त्यावर तळहात ठेवलेले अप्पा हसले. "अख्खी शेड चालू झाल्यागत वाटतंय बघ," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. त्याच्या किमतीच्या चिठ्ठीवर बावीस हजार होते. तिच्याकडे सातच आहेत, हे अप्पांनाही ठाऊक होतं.

दुकानदाराने सात हजारांतला छोटा पुढे सरकवला. अप्पांनी त्यावर हात ठेवून डोळे मिटले. ती वाजवू लागली, तशी त्यांची मान डोलू लागली. मध्येच तार उतरली म्हणून ती खुंटी पिळायला थांबली. अप्पांची मान डोलतच होती.

"हाच घे पोरी," ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "मोठ्यापेक्षा ह्याचंच हाताला जास्त जाणवतंय."

त्यांनी डोळे उघडायच्या आत प्रणालीने बोटं पुन्हा तारांवर ठेवली.