प्रत्येक फोटोला 'ऑसम'

मावशीने नवी गोधडी माझ्या मांडीवर पसरली. "तुला एवढी आवडली, मग तुलाच!"

शिवताना ती रोज घरच्या ग्रुपवर एकेका तुकड्याचा फोटो टाकायची. मी फोटो न उघडताच खाली लिहायचे, 'ऑसम!', 'वॉव!', 'सुपर्ब!'

"तुझी आई गेल्यापासून जपलेली तिची साडी यासाठी कापली, त्या दिवशी फार रडले गं," मावशी म्हणाली. "पण फोटोखाली तुझं लगेच 'ऑसम' आलं. म्हटलं, लेकीने ओळखली. फिरव ना हात त्या तुकड्यावरून."

गोधडीत चाळीसेक तुकडे होते. मी अंदाजाने एका जांभळ्या तुकड्यावर हात ठेवला.

मावशीने माझा हात हळूच उचलला आणि शेजारच्या विटक्या हिरव्या तुकड्यावर ठेवला.